कोळशाची खूण

आबाजी मिस्त्रीला गाडी लागायची. हे सांगितलं की लोक हसतात, पण खरं आहे. लोधिवलीला हमरस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये ज्याने वीस वर्षं मोटारी उघडल्या आणि मिटवल्या, तो माणूस खोपोलीच्या पुढे घाटाचं दुसरं वळण आलं की तोंडाला धोतराचा सोगा लावायचा. म्हणून तो घाटात जायचाच नाही. गाडी दुरुस्त झाली की लोधिवली ते चौक सपाट रस्त्यावर एक फेरी मारायची, बोनेटकडे कान लावून बसायचं आणि उतरताना म्हणायचं, "जा, आता हिला दिल्लीला ने." त्याच्या या सवयीपायी सेहेचाळीस सालच्या डिसेंबरात माझे दोन आठवडे कसे नासले, ते सांगतो. अजूनही सांगताना डोकं तापतं.

मी नामा. जमालशेठच्या उतारूंच्या सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर होतो. चौकहून खालापूर, खोपोली आणि घाट चढून लोणावळा. रोज एक खेप वर, एक खेप खाली. गाडी सहा सिलिंडरची, अमेरिकन, लढाईच्या आधीची. शेठची ती एकच गाडी, आणि मला ती एकच सीट. नऊ वर्षं ती चालवली होती. या रस्त्यावर ज्या ड्रायव्हरने इंजिन मारलं असं एकदा बोललं गेलं, त्याला पुन्हा कुणी चावी देत नाही. पनवेलपासून पुण्यापर्यंत तसं बोलणं गाडीच्या आधी पोचतं.

आता आबाजीचं मोठेपण सांगायला हवं, नाहीतर त्याची चूक कळायची नाही.

लढाईत पेट्रोल मिळेना. कूपनावर जे मिळे त्यात शेठची गाडी आठवड्यातून दोन दिवस चालली असती. तेव्हा गाड्यांच्या मागे उंच टाक्या बसल्या. टाकीत कोळसा पेटवायचा, त्याचा वायू नळीतून इंजिनात न्यायचा आणि त्यावर गाडी चालवायची. मुंबईहून टाक्या आल्या, पण बसवणाऱ्यांनी बसवल्या आणि निघून गेले. गाड्या काही चालेनात. घाट तर सोडाच, खालापूरचा चढही ओढेनात. आबाजीने आठ दिवस जेवण सोडल्यासारखं केलं आणि मग त्याला कळलं. कोळशाचा वायू आळशी. पेटायला वेळ घेतो. पेट्रोलच्या वेळेला ठिणगी दिली तर पिस्टन खाली निघून जातं आणि वायू मागाहून पेटतो. म्हणून ठिणगी आधी द्यायची, चांगली आधी.

ठिणगी कधी पडायची ते फ्लायव्हीलवरच्या, म्हणजे इंजिनामागे फिरणाऱ्या जड चाकावरच्या, एका खुणेवरून लावतात. गाडीच्या बुडाशी लहानशी खिडकी असते, तिच्यातून ती खूण दिसते. कंपनीची खूण पेट्रोलची. आबाजीने प्रत्येक गाडीच्या फ्लायव्हीलवर छिन्नीने नवी रेघ मारली, कोळशाची. कर्जत, खालापूर, चौक धरून अकरा गाड्या त्याने अशा चालत्या केल्या. दोन खुणांमुळे एकदा कर्जतच्या एका लॉरीचा घोटाळा झाला, तिच्या ड्रायव्हरने जुनी खूण धरली आणि गाडी तीन दिवस उभी राहिली. तेव्हा आबाजी चिडला. क्लच उतरवला की फ्लायव्हील हाताशी येतं. ज्या गाडीचा क्लच उतरवायला येई, तिच्यावरची कंपनीची खूण तो कानशीने घासून काढू लागला, आणि असं करत अकराही गाड्यांवरची गेली.

"पेट्रोल काय आता परत येत नाय रं," तो म्हणायचा. "एकच खूण ठेवायची. डोक्याला ताप नाय."

त्याच्या बायकोने, भागूबाईनेही ती चार वर्षं कोळशातच काढली. कर्जतकडच्या कोंडाण्याच्या रानातून पोती यायची. ती कोळसा फोडायची, चाळायची, सुपारीएवढे तुकडे वेगळे काढायची. मोठा तुकडा टाकीत अडकतो, चुरा वाट बंद करतो. तिचे हात कोपरापर्यंत काळे. आम्ही ड्रायव्हर तिला वैनी म्हणायचो आणि तिच्याकडून पोतं घेताना हात जोडायचो. थट्टेत नव्हे. तिचा कोळसा घेतला की गाडी घाटात थांबत नसे.

मग लढाई संपली. सेहेचाळीसच्या दिवाळीनंतर शेठने टाकी उतरवली. आबाजीने गाडी पेट्रोलवर लावून दिली, सपाट रस्त्यावर फेरी मारली आणि मला म्हणाला, "जा, दिल्लीला ने."

दिल्ली कुठली! खोपोली सोडून चढणीला लागलो आणि इंजिन बोलायला लागलं. पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवावेत तसा आवाज. गिअर उतरवला, आवाज कमी झाला. पाय दिला, पुन्हा आला. घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी रेडिएटरचं पाणी उकळून झाकण उडालं. मागे बसलेल्या पाच जणांनी मला पाच सल्ले दिले. लोणावळ्याला पोचलो तेव्हा माझ्या पाठीला घाम होता आणि इंजिनात ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू करायला बोनेटपुढचं हँडल मारलं आणि ते उलटं फिरलं. सेल्फ स्टार्टर लढाईत बॅटरी मिळेना तेव्हाच मेला होता, रोज हँडलच मारावं लागे. नऊ वर्षांत ते असं कधी उलटलं नव्हतं. मनगट सुजून भोपळा झालं.

मी गाडी घेऊन लोधिवलीला गेलो. आबाजीने माझं मनगट बघितलं, गाडी बघितली नाही.

"अंगठा गुंडाळलास हँडलवर," तो म्हणाला. "नऊ वरसं झाली, तुला हँडल धरता येत नाय?"

"नाय गुंडाळला, मिस्त्री. इंजिन उलटं मारतंय. आणि घाटात ठोके देतंय."

"घाटात पाय कसा देतोस? टॉप गिअरमधी ओढत असशील. गाडीत काय नाय रं. तुज्या पायात हाय."

तुज्या पायात हाय! हे वाक्य त्याने शेडमध्ये बसलेल्या तिघांसमोर म्हटलं, आणि संध्याकाळपर्यंत ते जमालशेठच्या कानावर गेलं.

जमालशेठ वाईट माणूस नव्हता. पण आबाजीचं बोलणं त्याला दगडावरची रेघ. चार वर्षं ज्याने गाडी कोळशावर पळवली, तो चुकेल कसा? शेठ मला म्हणाला, "नामा, पुण्याचा एक ड्रायव्हर जागा मागतोय. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारपर्यंत गाडी पाच शीट घेऊन न थांबता लोणावळा चढली तर तू. नाय चढली तर मी काय बोलणार नाय, तूच चावी ठेव."

घरी आवडीला, माझ्या बायकोला, सांगितलंच नाही. मनगटाला हळद बांधताना ती विचारत राहिली आणि मी तिच्यावरच ओरडलो. त्याची लाज अजून वाटते.

दुसऱ्या दिवसापासून गाडी आबाजीच्या शेडमध्ये उभी राहिली. आबाजी हट्टी खरा, पण कामचुकार नव्हता. माझ्यासाठी नाही, स्वतःच्या शब्दासाठी त्याने इंजिन उघडलं. पहिल्या दिवशी प्लग बदलले. पेट्रोलात रॉकेल असेल म्हणून टाकी रिकामी करून पेट्रोल फडक्यातून गाळलं. मी घाटात नेली, तीच रडकथा. दुसऱ्या दिवशी हेड उतरवलं. पिस्टनच्या डोक्यावर काजळी होती, ती त्याने लाकडाच्या चपटीने खरवडून काढली आणि व्हॉल्व्ह घासले. दोन दिवस त्यात गेले. पुन्हा घाट, पुन्हा वाटाणे. मग रेडिएटर धुतला, पंख्याचा पट्टा ताणला. पाणी तेवढं जरा उशिरा उकळलं, बाकी सगळं जसंच्या तसं.

मग तो डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डब्याच्या, मागे लागला. त्याच्या पोटात दोन लहान वजनं असतात. इंजिन जोरात फिरलं की ती बाहेर सरकतात आणि ठिणगी आपोआप आधी पडू लागते. थांबत आलं की स्प्रिंग त्यांना आत ओढतात. आबाजीची खात्री पटली की वजनं बाहेर अडकून बसली आहेत. जिभेने चक् केलं आणि म्हणाला, "सापडला चोर." उघडून बघतो तर वजनं लोण्यासारखी फिरत होती. तरी त्याने स्प्रिंगा बदलल्या. तेल दिलं. पॉइंट घासून त्यांच्यातली फट पातळ पट्टीने मापली.

आणि दर वेळी शेवटी काय? खिडकीतून बघायचं आणि खुणेला खूण लावायची. तेवढं तो डोळे मिटूनही करी. मी बाजूला उभा राहून बघायचो आणि मलाही कधी शंका आली नाही. खूण म्हणजे खूण. तिच्यावर कोण संशय घेणार?

मग मला हँडल मारायला सांगायचा. आमच्याकडे तशीच रीत होती. हँडल ड्रायव्हरने मारायचं, मिस्त्रीने बोनेटपाशी उभं राहायचं. मिस्त्रीचे हात नाजूक कामाचे, त्यांनी हँडलला लावायचे नसतात. म्हणून उलटा फटका दर वेळी मलाच बसे. मी डाव्या हाताने मारू लागलो, तोही सुजला. आबाजी मान वर करून म्हणायचा, "परत गुंडाळलास अंगठा."

मंगळवारी मी सुटलो.

"तुमी एकदा घाटात या माज्यासंगं!" मी ओरडलो. "लोधिवलीच्या सपाट रस्त्यावर तर बैलगाडीबी ठोके देत नाय! एवडं सगळं उघडलंत, घाट काय उघडला नाय तुमी."

आबाजीचा चेहरा पडला. त्याची ती एकच दुखरी जागा, आणि मी नेमकं तिथेच बोट घातलं होतं. तो फडक्याला हात पुसत बसला. मला बरं वाटलं. मग लगेच वाईट वाटलं. मग गुरुवार आठवला आणि पुन्हा राग आला.

बुधवारी सकाळी मी शेडवर गेलो तेव्हा तो माझ्याशी बोलत नव्हता. भागूवैनी शेडमागे चुलीसाठी कोळसा फोडत होती. टाक्या गेल्या होत्या, पण दोन पोती उरली होती, ती घरात जळत होती. ती पाटीत हात घालून तुकडे निवडत होती. सुपारीएवढे एका बाजूला, मोठे फोडायला, चुरा फेकायला. अगदी चार वर्षांसारखंच. चहाला उशीर होत होता आणि आबाजीला भांडायला कुणीतरी हवंच होतं.

"काय चाललंय गं तुजं!" तो तिच्यावर खेकसला. "चुलीला काय करायचाय सुपारीएवडा कोळसा? चुलीत धोंडा घातलास तरी पेटंल! कोळशाची गाडी गेली, टाकी गेली, हात तुजे तिथंच!"

भागूवैनी हसली. "सवय हाय वो. हात आपोआप तसंच निवडतो."

आबाजी तोंड उघडून पुढचं बोलणार होता. तोंड तसंच उघडं राहिलं. मग तो उठला, गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मला वाटलं, रडतोय की काय. वाकून बघितलं तर खिडकीपाशी दिवटी धरून तो फ्लायव्हीलकडे बघत होता. त्याने अंगठ्याने एक जागा चाचपली. घासलेली, गुळगुळीत जागा. मग छिन्नीची रेघ चाचपली.

बाहेर आला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं नाही. सरळ गाडीच्या पुढे गेला आणि हँडल उचललं.

"मिस्त्री, मी मारतो," मी म्हणालो.

"तू बाजूला हो."

त्याने अंगठा नीट बाहेर ठेवला. बोटांच्याच बाजूला, जसं मला शंभरदा सांगितलं होतं तसं. एक झटका दिला. हँडल असं उलटलं की तो गुडघ्यावर बसला. मनगट पोटाशी धरून कण्हला. भागूवैनी धावत आली. तो तिला म्हणाला, "काय नाय झालं. नामाचा अंगठा बाहेरच होता गं. इतके दिवस बाहेरच होता."

मग त्याने मला सगळं सांगितलं. पेट्रोल भडक. ठिणगी कोळशाच्या वेळेला दिली तर पिस्टन वर येत असतानाच ते पेटतं आणि पिस्टनला उलटा धक्का देतं. हँडल उलटतं ते त्यानेच. घाटात ठोके ते त्यानेच. पाणी उकळतं, ताकद जाते, तेही त्यानेच. चार वर्षं तो एकच रेघ बघत आला होता. पेट्रोल परत आलं, रेघ तीच राहिली. आणि जिच्याशी पडताळून बघायचं ती कंपनीची खूण त्याने स्वतःच्या हाताने घासून टाकली होती.

"आता खूण कशी काडायची?" मी विचारलं.

"घाटात," तो म्हणाला. "दुसरी सोय नाय."

त्याने वैनीकडून लिंबू मागून घेतलं आणि माझ्या शेजारी बसला. चढणीला वाटाणे सुरू झाले तसं त्याने लिंबाला दात लावले आणि मला थांबवलं. उतरून डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल केला आणि त्याची मान एक सूतभर मागे फिरवली, म्हणजे ठिणगी जरा उशिरा. मी चालवली. आवाज कमी झाला. दुसऱ्या वळणाला तो दाराबाहेर ओकला. तोंड पुसून म्हणाला, "अजून अर्धा सूत." पुन्हा थांबलो, पुन्हा फिरवली. तिसऱ्या वळणाला पुन्हा ओकला. एकदा फार मागे गेली, गाडी मऊ पडली, ओढेना. पुन्हा केसभर पुढे. शिंग्रोबापर्यंत आलो तेव्हा त्याचा चेहरा हिरवा पडला होता, मनगट सुजून तट्ट झालं होतं, आणि इंजिन असं चालत होतं की मला ते ऐकूच येईना. झाकण हलकं गरम, बस. मी हँडल मारून बघितलं, डाव्या हाताने. गपकन सुरू झालं. उलटलं नाही.

मी हसलो. आबाजी देवळाच्या पायरीवर डोकं धरून बसला होता.

गुरुवारी चौकच्या स्टँडवर जमालशेठ पाच माणसं घेऊनच उभा होता. ती त्याने मुद्दाम निवडली असावीत, त्यातला एकही बारीक नव्हता. पुण्याचा ड्रायव्हरही आला होता, इस्त्रीच्या कपड्यात. मी सीटवर बसलो. निघणार तेवढ्यात आबाजी लोधिवलीहून चालत आला. हाताला वैनीच्या लुगड्याची चिंधी बांधलेली.

"शेठ, गाडी चढंल," तो म्हणाला. "पण चढायच्या आदी एक ऐका. नामाच्या पायात काय नव्हतं, हातात काय नव्हतं. मी बोललो ते खोटं बोललो. खूण माजी चुकली. कोळशाची होती, तीच पेट्रोलला लावली. कंपनीची मीच घासली."

स्टँडवर सगळे ऐकत होते. चहावाला, टांगेवाला, पुण्याचा ड्रायव्हर. शेठने विचारलं, "म्हणजे बाकीच्या गाड्या?"

"त्याबी. अकराच्या अकरा. आज सगळीकडं जाऊन सांगतो."

कुणीतरी हसलं. कोण ते मी बघितलं नाही. शेठ माझ्याकडे वळून म्हणाला, "नामा, सीट तुजी." आणि आबाजीकडे न बघता म्हणाला, "पण गाडी आता खोपोलीला दाखवत जा. इथं नको."

मी काय म्हणायला हवं होतं, ते मला तेव्हाही कळत होतं. म्हणायला हवं होतं की शेठ, हा माणूस ओकत ओकत घाट चढला. अशी गाडी कुणी लावली नाही, तुमच्या खोपोलीच्या मिस्त्रीला घासलेल्या फ्लायव्हीलवर खूण सापडली असती का? म्हणायला हवं होतं की दोन आठवडे मी ह्याला शिव्या घातल्या, आणि सगळ्यांसमोर खरं बोलला तो हाच. पण सीट मिळाली होती. हातात चाक होतं. पुण्याचा ड्रायव्हर अजून तिथेच उभा होता. मी गिअर टाकला आणि निघालो.

गाडी न थांबता लोणावळ्याला चढली. पाचही जणांनी माझी पाठ थोपटली.

त्यानंतर आबाजीच्या शेडवर गाड्या कमी झाल्या. त्या सगळ्या मालकांना त्याने जाऊन सांगितलं, त्यातल्या दोघातिघांनीच पुन्हा त्याच्याकडे गाडी आणली. बाकीचे खोपोलीला किंवा पनवेलला गेले. तो विळे-कोयते शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून धार काढून, देऊ लागला. मी रोज दोनदा लोधिवलीवरून जायचो. गाडीचा आवाज आला की तो हातातलं काम थांबवून रस्त्याकडे यायचा, मान वाकडी करून इंजिन ऐकायचा आणि लांबूनच हाताने विचारायचा, ठोके नाहीत ना? सपाट रस्त्यावर ठोके कधीच ऐकू येत नाहीत, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी मान हलवून नाही म्हणायचो आणि तो परत आत जायचा.

मी एकदाही गाडी थांबवली नाही. शेठची वेळ पाळायची होती, असं मी स्वतःला सांगत आलो.